मोठा कॅमेरा आणि धुतलेला माग

कॅमेऱ्याविषयी बोलणाऱ्या पुरुषांइतकं कमी पाहणारी माणसं मला आयुष्यात भेटलेली नाहीत. रविवारी सकाळी हिंडलग्यातल्या एका गच्चीवर ती जमत. कठड्यापलीकडे भाताची खाचरं असत, पोटरीला आलेल्या भाताचा दुधट वास वाऱ्याबरोबर वर येई, तुरुंगाच्या लांब भिंतीवरून ऊन एकेक दगड उजळत खाली उतरे. आणि ही मंडळी त्या सगळ्याकडे पाठ करून, मांडीवर काळी अवजड यंत्रं घेऊन, कुणाचा सेन्सर किती मोठा यावर वाद घालत बसत. चहा निवून त्यावर साय धरे. ती सायसुद्धा कुणाच्या नजरेस पडत नसे.

त्यांच्यात मी जाऊन बसले ती आत्यासाठी.

माझी आत्या वडगावात राहते. तिच्या गल्लीत आता सगळीकडे यंत्रमागांची खडखड आहे, पण तिच्या घरी पुढच्या अंधाऱ्या खोलीत खड्ड्यातला हातमाग अजून उभा आहे. पन्नासएक वर्षं तिनं त्या खड्ड्यात पाय सोडून साड्या विणल्या. अलीकडे काचबिंदूनं तिची नजर कडांकडून आत खात आणली होती. समोरचं माणूस तिला धुरातून दिसावं तसं दिसे. तरीही ती विणत होती, कारण तिच्या बोटांना दिसत होतं. घरात एक शेवटचा ताणा गुंडाळून ठेवलेला होता, डाळिंबी रंगाचा. तो मागावर चढवायचा, एक साडी विणायची आणि मग खड्डा बुजवायचा, असं तिनं स्वतःच ठरवलं होतं.

ताणा चढवणं म्हणजे काय, हे इथे सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. साडीचे उभे धागे हजारोंच्या संख्येनं वहिफणीतून, म्हणजे दोऱ्यांच्या फाशांतून आणि फणीच्या बारीक घरांतून, एकेक करून ओवलेले असतात. विणून झालेली साडी कापताना शहाणा विणकर फणी कधी रिकामी करत नाही. जुन्या ताण्याची वीतभर टोकं तशीच लोंबत ठेवतो. नवा ताणा आला की त्याचा एकेक धागा त्या जुन्या टोकाशी सांधायचा. गाठ मारायची नाही. बोटांना चिमूटभर राख लावून दोन्ही टोकं अशी पिळायची की ती एकजीव होतात आणि फणीतून अडखळल्याशिवाय पार होतात. आत्याच्या मागावरची ती टोकं तिच्या सासूनं ओवलेल्या धाग्यांची वंशज होती. मधल्या सगळ्या काळात फणी एकदाही रिकामी झाली नव्हती. आणि हे काम डोळ्यांवाचून होतं. ती पीळ द्यायची रीत गल्लीत आता फक्त तिला येत होती. विचारलं तर तिला सांगता येत नसे. “सांगून न्हाय येत गं ते, बोटंच करत्यात,” म्हणायची.

ते मला चित्रात धरून ठेवायचं होतं. अंगठा कुठून कुठे सरकतो, धागा आधी कोणत्या अंगाला वळतो, एवढंच. फोनवर प्रयत्न केला होता. त्या खोलीच्या अंधारात राखाडी गाळ आला.

गच्चीवरच्या मंडळींना मी हे सांगितलं. त्यांच्यातले ज्येष्ठ एक निवृत्त अभियंते होते. त्यांनी माझं पुरतं ऐकूनही घेतलं नाही.

“मॅडम, खोली अंधारी आहे ना? मग प्रश्नच मिटला. मोठ्या सेन्सरचा डीएसएलआर.”

“पण मला बोटांच्या अगदी जवळ जायचंय. त्या छोट्या, लांब झूमच्या कॅमेऱ्यात जवळचं फार स्वच्छ येतं, असं वाचलंय.”

हशा पिकला. “ते खेळणं आहे हो. माकडं बघायला घेऊन जातात लोक आंबोलीला.”

“मॅडम कवयित्री आहेत,” दुसरे एक गृहस्थ म्हणाले, “त्यांना मागचं सगळं विरघळलेलं पाहिजे. बोके! बोके पाहिजे.”

मागच्या धूसरपणाला ते बोके म्हणत. त्यातले काही मांजरांसारखेच दिसत होते, आपल्याच शेपटीवर खूष. मी मनात त्यांची यथेच्छ टिंगल केली. आणि तरीही पुढच्या आठवड्यात मी जे केलं ते त्यांच्यापैकी कुणीही केलं असतं.

शहरातल्या दुकानात काउंटरवर दोन्ही कॅमेरे शेजारी मांडले होते. दुकानदार मराठीत सुरुवात करून कानडीत वाक्य संपवणारा, अंगाला अगरबत्तीचा वास असलेला, थकलेला माणूस होता. काय काढायचं आहे ते त्यानं विचारलं. गच्चीवर ते कुणी विचारलं नव्हतं. मग त्यानं माझ्याच पदराची कड उचलून काचेवर पसरली.

“ह्याचाच फोटो काढा. दोन्हींनी.”

छोट्या कॅमेऱ्याचं भिंग मी जवळजवळ कापडाला टेकवलं. पडद्यावर विणीचा प्रत्येक धागा आला, उभा-आडवा, त्यावरची कुसंसुद्धा, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सारखं स्पष्ट. किराणा दुकानातल्या यादीसारखं ते चित्र होतं. काही लपवलेलं नाही, काही सुचवलेलं नाही. मग मी मोठा उचलला. तो जवळ जाऊ देईना, हातभर मागं सरावं लागलं. पण काय चित्र आलं! एक धागा धारेसारखा लखलखीत आणि बाकी सगळं कापड संध्याकाळच्या पाण्यासारखं लांबवर विरत गेलेलं.

“धागा बघायचा असंल तर हा घ्या,” छोट्यावर बोट ठेवून दुकानदार म्हणाला. “अंधार असंल तर बाहीत लपंल असा एक दिवा मिळतो, तो लावा. सुम्ने, उगाच एवढं वजन कशाला गळ्यात?”

तो खरं बोलत होता, आणि ते मला तिथेच कळलं होतं. पण त्या विरत गेलेल्या पाण्यावरून माझी नजर हटेना. आयुष्यभर मी कवितेतला धूसर कोपरा जपत आले. धागा कुठून कुठे जातो यापेक्षा तो कसा हरवतो, यानं मला नेहमी भुरळ घातली. शिवाय खरं सांगायचं तर, त्या गच्चीवर खेळणं घेऊन जायची मला लाज वाटली. ज्यांना मी तुच्छ लेखत होते त्यांच्या हसण्याला मी भ्याले. याहून हलका भित्रेपणा मला माहीत नाही. मोठा कॅमेरा घेतला आणि घरी येताना त्याच्या पट्ट्याचा नवा, कडवट रबरी वास श्वासात भरून घेतला.

लगेच आत्याकडे फोन केला. फोन तिच्या सुनेनं उचलला.

“आत्याला सांग, रविवारी मी येतेय. मोठा कॅमेरा घेतलाय. सांधायला बसेल ना ती?”

“मोठा? लग्नातला असतोय तसला व्हय आक्का?”

“तसलाच,” मी म्हणाले. माझ्या आवाजात त्या वेळी जे होतं त्याला अभिमान म्हणणं सौम्य होईल.

सून येळ्ळूरची, शेतकऱ्याची लेक. शहरात एका कार्यालयात कामाला जाते, घर नेटकं ठेवते, आणि मागाला हात लावायचं तिला कुणी कधी शिकवलं नाही. मोठा कॅमेरा येणार, हे वाक्य तिच्या मनात कसं उगवलं असेल याचा विचार मी केला नाही.

रविवारी मी पोचले तेव्हा उंबऱ्यावर रांगोळी होती. खोली सारवलेली, ओल्या शेणमातीचा थंड वास. भिंतीला नवा ट्यूबलाइट. मागाची लाकडं तेलानं पुसलेली, खांबाला झेंडूची माळ, फणीला हळदकुंकवाची बोटं. आत्यानं लग्नातली ठेवणीतली साडी नेसली होती आणि ती खड्ड्याच्या काठावर, स्टुडिओत बसावं तशी, हात मांडीवर ठेवून ताठ बसली होती.

“आलीस व्हय? आता कसं बसू सांग. तोंड हिकडं करू?”

“तोंड कुठंही कर आत्या. तू तुझं काम कर, मी नाही असं समज.”

“एवढं मोठं धूड घेऊन आलीस आणि न्हाय समज म्हणतीस!” ती हसली. मग तिनं पाय खड्ड्यात सोडले, वाटीतली राख बोटांना लावली, डाव्या हातानं नव्या ताण्याचा पहिला धागा उचलला आणि उजवा हात फणीकडे नेला.

ट्यूबचा उजेड मी विझवायला सांगितला होता. खिडकीतून येणारी एकच तिरीप तिच्या मनगटावर पडली होती. कातडी केळीच्या वाळल्या पानासारखी, शिरांची निळी नक्षी, नखांवर राखेची पांढुरकी धूळ. तो हात फणीपाशी पोचला, थांबला, डावीकडे गेला, उजवीकडे गेला, खाली चाचपत राहिला. मी बटण दाबलं. कॅमेऱ्यातला आरसा खाट्‌दिशी वाजला.

“धागं कुठं गेलं?” आत्या म्हणाली.

सून दारातून लगबगीनं पुढे आली. “ते लोंबत हुतं ते व्हय आई? काढलं की मी काल. तुम्ही शहापूरला बारशाला गेलता न्हवं, तवा. लई मळलं हुतं, काळंकुट्ट. फणी बी कोमट पाण्यात धुतली. बघा, कशी चमकायल्या!”

शेजारच्या घरातले यंत्रमाग खडखडत होते.

“आमच्यात नांगरसुद्धा धुतल्याबिगर फोटोत घेत न्हाईत,” ती हळू आवाजात म्हणाली. आपण काय केलं हे तिला अजून कळलं नव्हतं; पण काहीतरी केलं, हे कळू लागलं होतं. “मोठा कॅमेरा येणार म्हणलं आक्कांनी. त्यात चिंध्या लोंबताना दिसल्या तर…”

आत्यानं फणीच्या रिकाम्या दातांवरून बोट फिरवलं. एखाद्या मुक्या वाद्यासारखा त्यांचा बारीक करकर आवाज आला.

“मघा कसला आवाज आला गं?” तिनं मला विचारलं.

“फोटो काढला, आत्या.”

“कशाचा?”

मी कॅमेरा गळ्यातून काढून खाली ठेवला.

सुनेचे डोळे भरून आले तेव्हा आत्या तिच्यावर नव्हे, माझ्यावर कडाडली. “तिला काय बघतीस? ती शेतातली पोर. तिनं पावण्यासाठी घर झाडलं. तू ह्या घरात वाढलीस. नुसती आली असतीस, हात हलवत, तर हितं कुणी केरसुणी उचलली नसती.”

त्यात भर घालण्यासारखं काही नाही. लहान यंत्र पिशवीत टाकून मी नेहमीसारखी गेले असते तर कुणी ठेवणीतली साडी नेसली नसती आणि फणीला कुणी हात लावला नसता. लग्नघरचं धूड मी आधी वर्दी देऊन त्या घरात आणलं, आणि घर लग्नघरासारखं वागलं.

त्या दिवशीचं चित्र मी पुढच्या रविवारी गच्चीवर दाखवलं. का दाखवलं, ते मला आजही नीट सांगता येत नाही. बहुधा त्या लोकांची किंमत एकदाची शेवटपर्यंत मोजावी म्हणून. अभियंत्यांनी चष्मा कपाळावर चढवला. “अहाहा. हाताच्या कडेवरचा तो प्रकाश बघा. आणि मागची फणी कशी धुक्यात गेलीय! रिकामेपणा पकडलाय मॅडमनी.” प्रदर्शनात लावू, असं ठरू लागलं. ती फणी खरोखरच रिकामी आहे, आणि त्या धुक्यात एका बाईच्या हातचं काम संपलं आहे, हे मी त्यांना सांगितलं. “वा,” दुसरे गृहस्थ म्हणाले, “हे खाली शीर्षकात घ्या.” त्यानंतर मी त्या गच्चीवर गेले नाही.

आता ताणा चढवायचा तर एकच मार्ग होता: प्रत्येक धागा पहिल्यापासून वहीच्या फाशातून आणि फणीच्या घरातून ओवायचा. त्याला डोळे लागतात, आणि दोन माणसं. त्याच्या पुढच्या रविवारी मी आणि सून मागाच्या दोन बाजूंना बसलो. ती धागा निवडून द्यायची, मी आकडीनं ओढून घ्यायचे. आत्या जात्याजवळ भिंतीला टेकून ऐकत होती. धागा बोटावरून निसटे, फासा सापडत नसे, मान दुखू लागे. दुपारपर्यंत चार बोटं रुंदी भरली. डाळिंबी रेघा पाहून सून हरखली.

मध्येच मी आत्यापुढे दोन सुटे धागे धरले. “आत्या, मागावर नको, नुसतं हातात दाखव ना पीळ. मी बघते.”

तिनं राख लावली, टोकं जुळवली, अंगठा फिरवला. टोकं उलगडली. पुन्हा केलं, पुन्हा उलगडली. फणीनं पलीकडून धरून ठेवलेला ताण त्यांत नव्हता. बोटं काहीतरी शोधत होती आणि त्यांना ते मिळत नव्हतं.

“सुटा धागा ऐकत न्हाय,” ती म्हणाली आणि ते दोन्ही धागे मला परत दिले. मग ती मागापाशी सरकली आणि आम्ही भरलेल्या चार बोटांवरून नख फिरवू लागली. एका जागी थांबली.

“हितं एका घरात दोनाच्या जागी तीन गेल्यात. साडीभर रेघ दिसंल.”

“एकच जागा आहे आत्या,” मी म्हणाले.

“कविता न्हवं ही, चालवून घ्यायला.” तिनं नख अडकवलं आणि त्या जागेपासून पुढचे सगळे धागे फणीबाहेर ओढले. दोन बोटं रुंदी उरली. “व्हय गं, बघत काय बसल्यासा दोघी? वढा परत.”

सुनेनं पदरानं कपाळ पुसलं आणि पुढचा धागा माझ्याकडे दिला.