पाटीवरचं 'शे'

मी आज कॉलेजात शिकवतो, चारचौघांत उभा राहून बोलतो, हे सगळं अक्कांमुळे. आई-वडिलांनी मला जळगावपर्यंत पाठवलं. तिथे मला टिकवलं ते खानावळ चालवणाऱ्या अक्कांनी. त्या माझ्या नात्यातल्या नव्हत्या. आमच्या धुळ्याकडच्या होत्या एवढंच. पहिल्या दिवशी मी दारातच घुटमळत उभा होतो. त्या आतून म्हणाल्या, "बठ रे भाऊ. पोट भरीसन जेव, लाजू नको." घर सोडल्यावर आपली बोली तेव्हा पहिल्यांदा कानावर पडली. मी मान खाली घालून तीन भाकरी खाल्ल्या.

जुन्या बाजारामागच्या ज्या गल्लीत ही खानावळ होती, तिथे तेव्हा सरकीची गोदामं होती. दिवसभर हमालांचा आवाज आणि संध्याकाळी सातनंतर शुकशुकाट. दिवा फक्त अक्कांच्या दारात. दाराशी एक काळी पाटी टांगलेली असायची. अक्कांना अक्षरओळख जेमतेम, म्हणून पाटी लिहायचं काम माझ्याकडे आलं. त्या पीठ मळता मळता सांगायच्या, "लिख. आज शेवभाजी शे, भाकर शे, ठेचा शे." मी तसंच लिहायचो. 'शे' म्हणजे आहे. आमच्याकडे जे काही असतं ते 'शे'च असतं.

दुसऱ्या वर्षी वक्तृत्व स्पर्धेत बोलताना माझ्या तोंडून 'शे' गेलं. सभागृह हसलं. परीक्षक गोड आवाजात म्हणाले, "आधी शुद्ध बोलायला शिका." त्या संध्याकाळी पाटीवर मी लिहिलं : आज शेवभाजी आहे.

अक्का पाटीजवळ आल्या. एकेक अक्षर लावत त्यांनी ते वाचलं.

"हाई काय लिखं रे?"

"अक्का, 'शे' शुद्ध नाही. शिकलेली माणसं असं लिहीत नाहीत. बोलतही नाहीत."

त्या आत जाऊन पुन्हा पीठ मळायला लागल्या. दुसऱ्या दिवशी मी पानावर बसलो तर म्हणाल्या, "या, बसा. आज वांग्याची भाजी आहे."

पोरं खो खो हसली. एक जण म्हणाला, "अक्का, पुण्याले जाई उनी का काय?"

"नाही हो," अक्का माझ्या ताटात भाकरी ठेवत म्हणाल्या, "आपल्याकडे शिकलेली माणसं जेवायला येतात ना."

मला वाटलं, चार दिवसांची थट्टा असेल. पण पुढची सगळी वर्षं त्या माझ्याशी तशाच बोलल्या. इतरांना "बठ्ठं संपनं रे, उशीर करा तुम्हनी," आणि मला "संपलं हो, उशीर झाला." माया तीळभर कमी झाली नाही. परीक्षेच्या दिवसांत माझ्यासाठी दूध राखून ठेवायच्या. ताप आला तेव्हा उशाशी बसल्या, पण "बरं वाटतंय का आता?" असं विचारलं. एखाद्या परक्याच्या आईनं विचारावं तसं. निकालाच्या दिवशी मी पाया पडलो. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर. त्या म्हणाल्या, "मोठे व्हा." मी 'मोठा हो'ची वाट बघत होतो.

पुढे गुडघे दुखायला लागले तेव्हा अक्का खानावळ बंद करून धुळ्याला मुलीकडे गेल्या. मी वर्षातून एकदोनदा जाऊन येतो. "या, बसा," त्या म्हणतात. चहा होतो.

आता ती गल्ली ओळखू येत नाही. गोदामांना मोठ्या काचा लागल्या. एकात कॅफे, शेजारी केकचं दुकान, समोर मोमोजचा काउंटर, वरच्या मजल्यावर शनिवारी गिटार वाजवून गाणारी मुलं. संध्याकाळी सातला जिथे चिटपाखरू नसायचं तिथे गाडी लावायला जागा मिळत नाही. मला याचं वाईट वाटत नाही. मुली निर्धास्तपणे हसत फिरतात, हे बघून बरंच वाटतं.

मागच्या महिन्यात खानावळीच्या जागेतही एक कॅफे उघडला. मालक पुण्यातली नोकरी सोडून आलेला तरुण. मी मराठी शिकवतो हे कळल्यावर त्यानं मला हात धरून आत नेलं. भिंतीवर गुलाबी दिव्यांची अक्षरं होती : बठ्ठं शे. म्हणजे सगळं आहे.

"सर, शुद्धलेखन बघा ना. चूक नको. लोक फोटो काढतात."

मी बघत राहिलो. म्हणालो, "बरोबर आहे."

तो हसला. "सर, तुम्ही तर आमच्याच भागातले. बरोबर शे म्हणा की!"

मी प्रयत्न केला. ओठापर्यंत आलं आणि तिथेच अडलं. शेजारच्या टेबलावरून माझी एक विद्यार्थिनी ओरडली, "सर, कॉफी प्यायला आलात? घरी काकूंना सांगू का?" सगळे हसले, मीही हसलो. घरी आलो आणि अक्कांना पत्र लिहायला बसलो. फोनवर त्या पुन्हा "बोला" म्हणाल्या असत्या, आणि माझं सगळं तिथेच थांबलं असतं. पाठवलं ते पत्र असं :

अक्का,

हे पत्र तुझी नात वाचून दाखवेल. तिला हसू आलं तर येऊ दे. पूर्वी मी तुला 'तू' म्हणायचो. तू मला 'तुम्ही' म्हणायला लागलीस आणि मग मीही शिष्टासारखा 'तुम्ही'वर गेलो. आज पुन्हा 'तू' लिहितोय. रागावू नकोस.

त्या दिवशी पाटीवर चूक मी केली. सभागृहात लोक मला हसले, त्याचा राग मी तुझ्यावर काढला. तू मला जेवू घातलंस आणि मी तुला बोलायला शिकवायला निघालो. एवढी वर्षं तू माझा मान राखत राहिलीस. मला तो मान नको होता. इतकं साधं तुला सांगायला मला पदवी पुरली नाही.

मन्ही चुकी व्हयनी, अक्का. एवढंच वाक्य लिहायला आज अर्धा तास लागला. बरोबर आहे की नाही, तेही तूच सांग. आता मला विचारायला दुसरं कोणी नाही.

रविवारी सकाळच्या बसनं धुळ्याला येतोय. अकरापर्यंत पोचेन. जेवायचं काही करू नकोस, गुडघे सांभाळ. फक्त दार उघडशील तेव्हा 'या' म्हणू नकोस. तोंडात येईल ते म्हण. शिवी आली तरी चालेल.