जपानच्या देवळात मिळालेला निरोप

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. जहाजाच्या इंजिन रूममध्ये नोकरी केलेला माणूस मी... जे उघडून बघता येत नाही, ते मानायचंच नाही, असा स्वभाव. तरी हे सांगतोय.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आम्ही भांडुपचे, मूळ मालवणकडचे. धाकटा भाऊ विलासही बोटीवरच, पण दुसऱ्या कंपनीच्या. आमचं जहाज जपानच्या एका छोट्या बंदरात दुरुस्तीला लागलं होतं, तेव्हा रेडिओ ऑफिसरने सांगितलं — विलासचं जहाज वादळात बुडालं. शोधही थांबवला. घरी कळवलंय.

कॅप्टनच्या अक्षरशः पाया पडलो. पण बदली माणूस आल्याशिवाय तो सोडेना.

दुपारी वेड्यासारखा बंदरावर फिरत सुटलो. टेकाडावर समुद्राकडे तोंड केलेलं एक शिंतो देऊळ होतं. पुढे लाल लाकडी कमान, आत भिंतभर जहाजांची चित्रं — खलाशांच्या घरच्यांनी वाहिलेली. म्हातारा पुजारी अंगण झाडत होता. बाकी चिटपाखरू नाही.

मी हातसुद्धा जोडले नाहीत. कठडा धरून समुद्राकडे बघत ओरडलो, "त्याची बॉडी तरी दे रे! आईला जाऊन काय सांगू मी?"

मागून, अगदी खांद्याजवळून आवाज आला... "दादा, आवशीक सांग, पाणी थंड नाय."

विलासचा आवाज, तोही आमच्या मालवणीत!

गर्रकन वळलो. पायऱ्या रिकाम्या. खाली नुसता समुद्र. भास, दुसरं काय! पण पुजाऱ्याच्या हातातला झाडू गळून पडला होता. माझ्या खांद्याकडे बोट दाखवत तो अडखळत म्हणाला, "आवाशिकु... सांगु...?"



घरी पोचेपर्यंत बरेच दिवस गेले. आई तापाने फणफणलेली, ओळखू येईना. बायको हळूच म्हणाली, "बातमी आल्यापासून थंड पाण्यानेच आंघोळ करतात, अहो. डॉक्टर ओरडले, तरी ऐकत नाहीत. म्हणतात, विलास, झील माझो, थंड पाण्यात आसा, माका गरम पाणी कित्याक?"

हे मला कुणीही कळवलं नव्हतं.

आईला सगळं सांगितलं.

"खरा सांगतंस?"

"तुझी शपथ."

तेव्हा ती पहिल्यांदा रडली... सगळी चाळ गोळा झाली. शांत झाल्यावर सुनेला म्हणाली, "पाणी तापत ठेव गो."

विलासची बॉडी कधीच मिळाली नाही. तो आवाज कुठून आला, त्या पुजाऱ्याला कसा ऐकू गेला — मला आजही सांगता येत नाही. आवाज त्याचाच होता, एवढंच.