बाप दाखवण्याचं काम

काकालाच बाप ठरवून मी माझ्या साडूंच्या संशोधनाचं मातेरं केलं.

एरवी बाप या प्राण्याबद्दल आमच्या साडूंइतकं जाणणारा माणूस नागपूरपासून वाशीमपर्यंत शोधून सापडला नसता. कॉलेजात प्राध्यापक, पण बाजारात लोक बैल हेरतात तसे हे बाप हेरायचे. लग्नात सगळे नवरीकडे पाहत, हे नवरीच्या बापाकडे. तेही असं टक लावून, की एकदा त्या बिचाऱ्यानं घाबरून आपलं धोतर चाचपून पाहिलं. न्हाव्याचा वस्तरा गळ्याशी असताना यांनी विचारलं, "तुझा बाप तुला मारायचा का रे?" न्हावी हुंदके द्यायला लागला आणि साडू अर्ध्या दाढीनं व्याख्यानाला गेले.

त्या सुटीत आम्ही दोघेही जावई वाशीमजवळच्या रिठदला सासऱ्यांकडे जमलो होतो. साडूंना वऱ्हाडी बाप दाखवायचं काम मी वाशीमकर म्हणून अंगावर घेतलं. साडूंची दोन वर्षांची लेक माझ्या खांद्यावर, साडू मागे, अशी आमची स्वारी गावातून निघे. कुणी लेकराला भाकर कुस्करून भरवताना दिसला, की मी बेधडक सांगे, "हा बाप!" साडू गहिवरत. "इथल्या बापांच्या काळजात आईच बसलीय हो!" सुटी संपताच पुण्याला जाऊन विद्वानांपुढे त्यांना हेच मांडायचं होतं.

निघायच्या आदल्या संध्याकाळी ओसरीवर त्यांनी ते सासऱ्यांना ऐकवलं. सासऱ्यांना हसता हसता ठसका लागला. "अवो जवाईबापू, ते समदे काका नाई तं मामा! मोठ्या मानसाईसमोर आपलं लेकरू कोन उचलते? लाज नाई वाटत? बाप तं तिकडं बैलामागून चोरून पाहून राह्यला असन!"

साडूंचा चेहरा खर्रकन उतरला. मग त्यांनी माझ्या खांद्यावरच्या आपल्या लेकीकडे पाहिलं. तिला घ्यायला हात उठले, सासऱ्यांकडे नजर जाताच खाली आले. सासरे खाकरले. "मी पान घेऊन येतो," म्हणाले आणि भरलेलं पानदान समोरच ठेवून आत गेले.

साडूंनी लेकीला घेतलं. तिनं भोकाड पसरायला तोंड उघडलं, तेवढ्यात त्यांचा चष्मा तिच्या हाती लागला. पुण्याचं नाव पुन्हा निघालं नाही. बऱ्याच वेळानं साडूंनी मला हळूच विचारलं, "ही काय खाते हो?"

मी मोकळा खांदा चोळत उभा होतो. दारातून माझी बायको म्हणाली, "मोठे आले बाप दाखवनारे! आपला पोट्टा पाळन्यात रडून राह्यला, त्याले घ्यायले बी आता साडूलेच पाठवता काय?"