मिरचीची गोणपाटं

कारभारीचं नाव कारभारी असलं, तरी उभ्या जन्मात त्यानं कुणावर कारभार केला नाही. घोडेगावच्या बाजारात बाप बैलांची दलाली करायचा, आणि बैल बुजायच्या आधी हा पोरगा बुजायचा. पुढं तो मोटार चालवायला शिकला, हात चांगला बसला, पण भीती काही गेली नाही. समोरून ट्रक दिसला की हा सरळ रस्ता सोडून शेतात उतरायचा. "ह्यो डायवर न्हाई, नांगऱ्या हाय," असं गाव म्हणायचं.

काकासाहेबांना मात्र नेमका असाच माणूस हवा होता. ते लाकडाचे व्यापारी, नगरजवळ सावेडीत नवा बंगला बांधलेला. त्यांचा जीव मोटारीवर होता आणि मोटारीपेक्षा गॅरेजच्या जमिनीवर. सिमेंटात लाल रंग कालवून, घोटून घोटून केलेला तो कोबा इतका गुळगुळीत होता की त्यात मोटारीचे दिवे दिसायचे. देवघरात एखाद्याच्या चपला खपल्या असत्या, गॅरेजात नाही. "डाग पडला तर कातडं सोलीन हं, कारभारी!" असं काकासाहेब म्हणायचे आणि मोठ्यांदा हसायचे. कारभारी हसायचा नाही. मोठ्या माणसाची थट्टा कुठं संपते आणि हुकूम कुठं सुरू होतो, हे त्याला कधी कळलंच नव्हतं.

आणि त्याला भ्यायला कारणही होतं. गॅरेजच्या मागच्या भिंतीला लागून एक खोली होती, ती नोकरीबरोबर मिळालेली. तिथं बायको चांगुणाबाई आणि महिनाही न झालेला मुलगा. आधीची दोन लेकरं गावाकडं हाताला लागली नव्हती. हे तिसरं नगरच्या दवाखान्यात झालं म्हणून जगलं, असं चांगुणाबाई म्हणायची. त्यात बाहत्तरचा दुष्काळ. गावाकडं विहिरी आटलेल्या, म्हशी विकलेल्या. कोबा गेला की नोकरी गेली, नोकरी गेली की खोली गेली, आणि गावी नेलं की पोर गेलं. कारभारीच्या डोक्यात हे सगळं एका दावणीला बांधलेलं होतं.

अशात मोटारीचा सायलेन्सर दगडाला लागून तुटला. दुसऱ्या दिवशी काकासाहेबांना पाहुणे घेऊन भंडारदऱ्याला जायचं होतं. "गॅसवाल्याला घरीच बोलव, आजच्या आज जोडून घे," असं सांगून ते वखारीवर निघून गेले.

लोखंड जोडणारा गोरक्षनाथ गॅसवाला हातगाडीवर गॅसची नळकांडी घालून आला. मोटार बाहेर काढून बघितली, पण अंगणात नुसता भुसभुशीत मुरूम. जॅक रुतला, मोटार कलली. मग ती परत आत ढकलावी लागली. खाली वाकून गोरक्षनाथ म्हणाला, "ह्या कोब्यावर लोखंडाचं पानी ठिपकलं तर टवके उडत्याल बघ. गोनपाटं आन, न् चिंब भिजवून हातर."

टवके उडतील म्हटल्यावर कारभारी थांबलाच नाही. तो सायकल मारत बाजारात गेला आणि ओळखीच्या हमालाकडून गोणपाटं घेऊन आला. मिरचीच्या आडतीतली होती ती. झटकताना चार शिंका आल्या, डोळ्यांना पाणी आलं, पण गडी मनातून खूश झाला. गोणपाटंही लाल आणि कोबाही लाल! काही उमटलंच तर कुणाला दिसतंय?

भिजवायची वेळ आली तेव्हा मात्र त्यानं एक कोपरा ओला करून बघितला. लालभडक पाणी ओघळलं. हे पाणी कोब्यात मुरलं तर? पाण्याचीही मारामार होतीच. त्यानं नुसता एक हबका मारला आणि गोणपाटं अंथरली.

"भिजावली ना?" गोरक्षनाथनं विचारलं.

"पानी मारलंय की."

तेवढ्यात चांगुणाबाई हंडा घेऊन दारात आली. "टँकर आलाय. त्यो झोळीत निजलाय. कान असू द्या तिकडं," असं म्हणून ती गेली. मधल्या भिंतीत वर एक झरोका होता, त्यातून पोर जरा कुरकुरलं तरी इकडं ऐकू यायचं.

गोरक्षनाथ मोटारीखाली सरकला. नळी पेटली, ठिणग्या उडाल्या. एकेक ठिणगी गोणपाटावर पडली की कारभारीचा जीव वरखाली व्हायचा. तो ओणवा होऊन कोब्याची कड न्याहाळत होता. झरोक्याकडं त्याची पाठ होती.

गोणपाट पेटलं नाही, धुमसलं. आणि मिरचीचा धूर सुटला. गोरक्षनाथला असा ठसका लागला की नळी तशीच टाकून तो डोळे चोळत बाहेर पडला. शेजारच्या बंगल्यात कुणी खोकायला लागलं. माडीवरून काकासाहेबांच्या बायकोनं, गोजरबाईंनी, पदर नाकाला लावून हाक दिली, "कुणाची दृष्ट काढतोस रे कारभारी? केवढा हा ठसका! बरंय बाबा, नजर कुणाची नाही म्हणायची."

मिरच्या जळल्या आणि ठसका लागला, तर नजर नाही. ठसका लागला नाही, तर नजर लागलेली. हे त्याला लहानपणापासून ठाऊक होतं. अख्खी आळी खोकत होती.

झरोक्यातून आवाज नव्हता.

कारभारीनं मान वळवून वर बघितलं. धूर वर चढून झरोक्यातून पलीकडं चालला होता, हे त्याला आत्ता दिसलं. तो पळाला. दारापर्यंत पोचला असेल नसेल, तोच मागं फाटकन आवाज झाला. खाली पडलेल्या नळीच्या जाळानं कोबा फुटला होता.

आणि कारभारी मागं फिरला. धुरात चाचपडत त्यानं नळी उचलली, चावी बंद केली, धुमसणारी गोणपाटं पायानं बाहेर लोटली, मग फुटलेल्या जागेवरून एकदा हात फिरवला. मग खोलीकडं धावला.

खोली धुरानं भरली होती. झोळीतलं पोर निपचित, ओठ काळेनिळे. त्यानं ते उरापाशी धरलं आणि बाहेर लिंबाखाली आणलं. "अरं रड की! रड की रं!" तो ओरडत होता आणि स्वतःच रडत होता. चांगुणाबाई टँकरवरून येत होती, तिनं हंडा टाकला. पोर हिसकावून घेतलं, पालथं घालून पाठीवर थापट्या मारल्या, तोंडात बोट घालून चिकटा काढला, तोंडावर पाणी शिंपडलं. मग एक बारीकसा ठसका आला. मग दुसरा. मग पोरानं असा टाहो फोडला की माडीवर गोजरबाईंनी हात जोडले.

धूर निवल्यावर गोरक्षनाथनं उरलेला जोड पुरा केला, आणि संध्याकाळी काकासाहेब आले. कारभारी मान खाली घालून उभा होता. ताटलीएवढा खड्डा पडला होता, भोवती टवके. काकासाहेबांनी बुटाच्या टोकानं खड्डा चाचपला.

"एवढंच ना? पाटीभर सिमेंट लागेल. गवंड्याला सांग उद्या," ते म्हणाले. "सायलेन्सर बसला का?"

"बसला, साहेब."

"झालं तर मग," म्हणून ते जेवायला गेले.

कारभारीला खरं तर हायसं वाटायला हवं होतं. पण तो तिथंच भिंतीला टेकून खाली बसला. आयुष्यभर तो बैलाला भ्याला, ट्रकला भ्याला, काकासाहेबांना भ्याला. आज पहिल्यांदाच त्याला स्वतःची भीती वाटली.

खोलीत चांगुणाबाई पोराला पाजत होती. तिनं नवऱ्याकडं बघितलं, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"तुमी लगी पळालात म्हनून वाचला वो. जरा जरी उशीर झाला असता..."

कारभारीनं पोराच्या टाळूवर हात ठेवला. सिमेंटचा भुगा अजून त्याच्या नखांत होता.

"व्हय," तो म्हणाला. "लगी पळालो."