साखळी प्रार्थनेत दोन वर्षं गप्प

आमच्या बायकांच्या बुधवारच्या प्रार्थनासभेची एक रीत आहे. ती आधी सांगते, म्हणजे पुढचं नीट कळेल. सभेच्या शेवटी साखळी प्रार्थना होते. दहा-बारा जणींनी गोल बसायचं, डोळे मिटायचे. एकीनं मोठ्यानं प्रार्थना करायची आणि आमेन झालं की शेजारणीच्या हातावर हात ठेवायचा. मग तिनं सुरू करायचं. डोळे मिटलेले, त्यामुळे आपला नंबर आलाय हे त्या हातावरूनच कळतं.

लग्न होऊन पुण्यात आले तेव्हा मला या साखळीची धडकी भरायची. शाळा दुसरीपर्यंतच. वाचायला शिकले तेही चर्चमध्ये, गीतांच्या पुस्तकावर बोट ठेवून. पण एकदा जीभ सुटली ती सुटलीच! पुढं पुढं तर बायका म्हणायच्या, "हिच्या शेजारी कोण बसणार बाई, हिचं आमेन येईपर्यंत पायाला मुंग्या येतात."

आमचे हे कारखान्यात होते. कंपनीत नवी यंत्रं आली आणि जुन्या माणसांना स्वेच्छानिवृत्ती घ्या म्हणून सांगितलं. स्वेच्छा कसली, यादीच लावली होती फळ्यावर. घरी बसले तरी सकाळी सातला हे बूट घालून दाराशी उभे राहायचे, मग आठवायचं. त्याच वर्षी मुलगा कॉम्प्युटरच्या कंपनीत लागला. त्याला न्यायला दारात गाडी यायची आणि हे खिडकीतून ती गाडी वळेपर्यंत बघायचे. कौतुकानं बघायचे, खोटं कशाला बोलू. पण मागं फिरले की चेहरा उतरलेला असायचा.

मग किडनीचं दुखणं निघालं, ह्यांना दवाखान्यात ठेवावं लागलं. मी प्रार्थनेला बसले ती बसलेच. सभेच्या बायकांनी उपास केले, चर्चच्या पाळकसाहेबांनी डोक्याला तेल लावून प्रार्थना केली. मला इतकी खात्री होती की मी ह्यांना म्हटलं, "अहो, पुढच्या बुधवारी सभा आपल्या घरी आहे. तोपर्यंत तुम्ही घरी असाल, लिहून ठेवा."

हे हसले. म्हणाले, "बरं. चहा कमी गोड कर. गेल्या वेळी पाक केला होतास."

सोमवारी गेले.

महिन्यानं मी सभेला गेले. साखळी फिरत आली, माझ्या हातावर हात आला आणि माझ्या तोंडातून शब्द फुटेना. रडू नव्हतं येत. नुसतं 'प्रभू' म्हणायचं होतं, तेही जमेना. शेवटी पलीकडचीनं आपणहून सुरुवात केली.

आमच्यात बिबवेवाडीच्या एक सिस्टर होत्या, दवाखान्यातून निवृत्त झालेल्या. बोलणं इंजेक्शनसारखं. चहाच्या वेळी जवळ येऊन म्हणाल्या, "काय, देवाशी अबोला धरलाय?"

"बोलून काय झालं, सिस्टर?"

"मग धरा. पण इथं येऊन धरा. घरी बसून धरलात तर त्याला अबोला नाही, सोडचिठ्ठी म्हणतात."

राग आला मला. पण पुढच्या बुधवारी गेले. आणि त्या दिवशी काय झालं, माझ्या डावीकडचीनं प्रार्थना संपवली आणि हात माझ्यावर न ठेवता मला ओलांडून पलीकडचीच्या हातावर ठेवला. तिच्या पदराचा काठ माझ्या गुडघ्यावरून गेला, एवढंच. मला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून त्यांनी आपसात ठरवलं असणार. मायेनंच ठरवलं. पहिल्यांदा मला हायसं वाटलं. मग दर बुधवारी तेच, आणि बघता बघता दोन वर्षं झाली.

तोवर मुलानं धायरीला फ्लॅट घेतला. सभेला जायला दोन बस बदलाव्या लागायच्या. रोज सकाळी पवित्र शास्त्र उघडायची, पण ते दुसऱ्या कुणाला आलेलं पत्र वाचावं तसं वाचायची. सभेला जाणं नुसतं पायांचं उरलं होतं. मग मी मनाशी ठरवलं, आपल्या नव्या घरी एकदा सभा घ्यायची, सगळ्यांना पोटभर खाऊ घालायचं आणि मग जाणं बंद. गुडघ्यांचं कारण पुढं करायचं. कुणाला सांगितलं नाही. पण आतून फार भ्यायले होते. चाळीस वर्षं ज्याच्याशी बोलले, त्याचं-माझं इथंच संपणार, असं वाटत होतं.

त्या बुधवारी सुनेनं अर्धी रजा काढली. तीही कॉम्प्युटरवालीच, लग्नाला चारच महिने झालेले. माझ्याबरोबर कांदे चिरले, पोहे केले. बायका गोल बसल्या तशी दारात उभी राहून म्हणाली, "आई, मी बसू का? पण मला असं मोठ्यानं प्रार्थना करायची सवय नाही."

सिस्टर म्हणाल्या, "बस गं. इथं इंटरव्ह्यू नाही."

ती माझ्या डावीकडं बसली. साखळी फिरत तिच्यापाशी आली. "प्रभू, ऑफिसमध्ये नव्या सॉफ्टवेअरचं रिलीज आहे, ते नीट होऊ दे. ह्यांचा अमेरिकेचा व्हिसा होऊ दे. आईंचे गुडघे बरे कर. थँक्यू. आमेन."

आणि तिनं हात माझ्या हातावर ठेवला.

तिला कुठं ठाऊक की मला ओलांडायचं असतं! हात ठेवून लगेच उचलायचा, हेही पोरीला कुणी सांगितलं नव्हतं. तिनं तो तसाच ठेवला. गार, कांद्याचा वास येणारा हात. दोन वर्षांत त्या वेळी कुणी मला शिवलं नव्हतं. सगळ्या थांबल्या. पलीकडचीचा श्वास मला ऐकू येत होता. आणि हिचा हात हलेना. ती आपली वाट बघत होती, आई आता बोलतील म्हणून.

"प्रभू," मी म्हटलं, "मी तुझ्यावर रागावलेय."

माझाच आवाज मला ओळखू येईना. पण सुरू झाले ते झालेच. "मी ह्यांना शब्द दिला होता. तुझ्या भरवशावर दिला होता. तू मला खोटं पाडलंस. हे घर त्यांनी बघितलं नाही. सून बघितली नाही. मला तुझ्याशी गोड बोलता येत नाही, आणि नुसतं गप्पही बसवत नाही. आज एवढंच."

आमेन म्हणायचं मी विसरले. ते सिस्टर म्हणाल्या, आणि मग सगळ्या म्हणाल्या. मी पलीकडचीच्या हातावर हात ठेवला.

नंतर स्वयंपाकघरात सून घाबरून विचारते, "आई, माझं काही चुकलं का? सगळ्या रडत होत्या."

सिस्टर मागून आल्या. "चुकलं ना. पोह्यात मीठ घालायचं राहिलंय. आण इकडं."

राग काही त्या दिवशी संपला नाही हो. पुढचे कितीतरी बुधवार मी प्रार्थनेत भांडतच होते, आणि बायका त्या भांडणाला आमेन म्हणत होत्या. मग त्यात हळूहळू दुसरं यायला लागलं. मुलाचा व्हिसा. सुनेचं बाळंतपण. सिस्टरांच्या डोळ्याचं ऑपरेशन. एका बुधवारी घरी परतताना, बसमध्ये खिडकीशी बसल्यावर ध्यानात आलं की आज भांडायचं राहूनच गेलं. मी तिथंच डोळे मिटले आणि म्हटलं, प्रभू, आज विसरले. कंडक्टर म्हणाला, "आजी, तिकीट?"