मोनियाच्या वाटेवरच्या खुणा

देल्फिना कुणावर सहजासहजी विश्वास ठेवत नसे. पाववाल्याने पाव हातात दिला की ती तो उलटा करून बुडावर टिचकी मारून बघे. रेडिओवर ऊन सांगितलं की छत्री घेऊन निघे. फादर प्रवचनात जरा जास्त गोड बोलले, तर बाहेर पडताना शेजारणीला म्हणे, "यांना काहीतरी हवंय."

गाव तिला हसायचं, पण मागे काय घडलं होतं ते गावाला ठाऊक होतं. तिचा नवरा डोंगर ओलांडून फ्रान्समध्ये कामाला गेला आणि तिकडेच दुसरा संसार थाटून बसला. ही बातमी बाजारात, चौकात, गिरणीवर सगळ्यांना कळली. देल्फिनाला सगळ्यात शेवटी कळली. तेव्हापासून कुणी तिच्याशी हसून बोललं की ती आधी त्याच्या डोळ्यांत बघायची, मग उत्तर द्यायची.

तिच्या कामाला मात्र हा स्वभाव फार उपयोगी पडला. गावातून मरियामातेच्या वरच्या देवस्थानाकडे आणि तिथून पुढे मोनियाच्या शिखराकडे जाणाऱ्या वाटांवर खडकांवर लाल-पांढरे पट्टे रंगवायचे, हे तिचं काम. बर्फ वितळलं की रंगाचे डबे पाठीवर घेऊन ती निघे. चालणारा प्रत्येक माणूस मूर्ख आहे आणि धुकं मुद्दाम त्याच्या वाटेवर टपून बसलेलं आहे, असं समजूनच ती खूण करायची. चढताना रंगवलेली खूण उतरताना दिसते का, हे बघायला पाठमोरी चालायची. धुक्याच्या दिवशी इतर लोक घरात बसत, तेव्हा ही आपल्याच खुणांची परीक्षा घ्यायला बाहेर पडे.

त्या वर्षी जुलैच्या सुरुवातीला ती दोन वाटा फुटतात तिथे पोचली आणि थबकली. तिथल्या मोठ्या खडकावरचा तिचा बाण नाहीसा झाला होता. पावसाने धुपला नव्हता, कुणी खरवडलाही नव्हता. त्यावर दगडाच्याच रंगाचा करडा हात फिरवला होता, इतका बेमालूम की दुसऱ्या कुणाला बाण कधी होता हेही कळलं नसतं. वरच्या बाजूच्या दोन-तीन खुणांचीही तीच गत होती.

बुजवल्या होत्या त्या फक्त जवळच्या वाटेच्या खुणा. ती वाट तडक देवस्थानाला जाते. लांबची वाट मोठा वळसा घालून जाते, आणि तिच्यावरचे पट्टे जसेच्या तसे लखलखत होते. लांबच्या वाटेवर कोस्तान्झोची खानावळ होती.

देल्फिना खडकावर बसली आणि तिने मनाशी हिशेब जुळवला. कोस्तान्झो शाळेत तिच्याच वर्गातला. मागे एकदा त्याने तिला विचारलं होतं, "देल्फिना, जवळच्या वाटेचे बाण जरा बारीक काढलेस तर तुझं काय जातं?" तिने नाही म्हटलं होतं. तो हसला होता. आज तिला ते हसणं पुन्हा आठवलं, आणि आठवताना ते मूळच्यापेक्षा जास्त लबाड वाटलं.

तिने खुणा पुन्हा रंगवल्या. आठवड्याभरात त्या पुन्हा बुजल्या, आणि ती रंगवत राहिली तरी बुजतच राहिल्या.

मग ती मुद्दाम खानावळीत गेली. अंगण माणसांनी भरलेलं होतं. कोस्तान्झो पोलेंटाची, म्हणजे मक्याच्या घट्ट लापशीची, परात घेऊन टेबलांमधून फिरत होता.

"बरीच गर्दी आहे," ती म्हणाली.

"मातेची कृपा."

"मातेची, की आणखी कुणाची?"

"बस, खा काहीतरी. उपाशी असलीस की तू फार कडू बोलतेस."

ती बसली नाही. तिने त्याच्या हातांकडे बघितलं. बोटांना मक्याचं पीठ लागलं होतं, रंग नव्हता. हात धुता येतात, असं तिने मनाशी म्हटलं आणि निघाली.

त्यानंतर धुकं उतरलं. तूरिन शहरातलं एक जोडपं जुन्या नकाशाच्या भरवशावर जवळच्या वाटेने चढलं, मधल्या खुणा सापडेनात म्हणून घसरणीच्या बाजूला भरकटलं, आणि बाई निसरड्या गवतावरून खाली गेली. मनगट मोडलं. तिच्या हाका कोस्तान्झोला ऐकू आल्या, त्यानेच तिला पाठुंगळी घेऊन आणलं. गावात त्याचं कौतुक झालं. वाटांची समिती चालवणारे निवृत्त मास्तर गीगो मात्र देल्फिनाच्या दारात आले.

"खुणा नव्हत्या म्हणतात ते लोक."

"होत्या. कुणीतरी बुजवल्या."

"कुणी?"

"ज्याने त्यांची वाट चुकवली, त्यानेच शोधून आणलं, मास्तर. किती सोयीचं, नाही?"

"पुरावा आहे का?"

"डोकं आहे."

"देल्फिना, हे माझ्यापाशी बोललीस तेवढं पुरे. चौकात बोलू नकोस."

ती चौकातच बोलली. रविवारी प्रार्थना सुटल्यावर लोक चर्चच्या पायऱ्यांवर रेंगाळत होते, तेव्हा तिने कोस्तान्झोला अडवलं आणि सगळ्यांदेखत सांगितलं की गिऱ्हाइकं वळवायला तू खुणा पुसतोस, आणि तुझ्यापायी त्या बाईचं मनगट गेलं. कोस्तान्झोने टोपी काढली, हातात फिरवली, पुन्हा घातली.

"तुला खरंच असं वाटतं?"

"वाटत नाही. मला माहीत आहे."

तो घराकडे वळला. त्याची बायको मागे राहिली होती. ती देल्फिनाजवळ येऊन हळू आवाजात म्हणाली, "तुझा नवरा तुला सोडून गेला, त्याची शिक्षा अख्ख्या खोऱ्याला देणार आहेस का?"

संशय उधार देता येतो, परत घेता येत नाही. गावातल्या लोकांनी कोस्तान्झोशी भांडण केलं नाही, पण त्याच्या अंगणात बसणंही सोडलं. खालच्या शहरातले वाटाडे आपल्या मंडळींना दुसऱ्या खोऱ्यात नेऊ लागले. देल्फिनाला याचं वाईट वाटलं नाही. तिला फक्त तो रंगेहाथ सापडायला हवा होता.

म्हणून एका सकाळी खुणा ताज्या रंगवून ती फाट्याच्या वरच्या अंगाला पडक्या गोठ्यात दडून बसली. तो दिवस फुकट गेला. दुसऱ्या दिवशीही मार्मोट या डोंगरी खारींच्या शिट्ट्यांखेरीज काही ऐकू आलं नाही. तिसऱ्या दिवशी दुपारच्या आधी काठीचा आवाज आला. खालून नाही, वरून. देवस्थानाच्या बाजूने.

दोन काठ्या टेकत, प्रत्येक पाऊल चाचपत तिची बहीण सेकोंदिना येत होती. मनगटाला पत्र्याचा डबा लटकत होता.

सेकोंदिना थोरली. कितीतरी वर्षं ती वर देवस्थानाची राखण करत होती. उन्हाळा लागला की यात्रेकरूंच्या खोल्या उघडायची, सूप शिजवायची, घंटा वाजवायची, आणि मोनियावर जाणाऱ्यांना पहाटे उठवून द्यायची. देल्फिनाने ज्यांच्यावर संशय घेतला होता त्यांची रांग उभी केली असती तर सेकोंदिना तिच्यात कुठेच आली नसती.

थोरली खडकापाशी थांबली. तिने काठ्या ठेवल्या, गुडघे टेकले आणि तळहाताने दगड चाचपला. रंगाचा गुळगुळीत थर लागला तिथे ती थांबली, डब्यात फडकं बुडवलं आणि हात फिरवू लागली. ती खडकाकडे बघतच नव्हती. चेहरा भलतीकडेच होता.

गोठ्यातून बाहेर येऊन देल्फिनाने बहिणीला लहानपणच्या नावाने हाक मारली, "दीना."

सेकोंदिनाचा हात थांबला. "तू आहेस होय. मला वाटलं बकरी."

"काय करतेस तू?"

"दिसतंय ना तुला? तुला तरी दिसतं."

देल्फिनाने तिच्यासमोर हात हलवला. थोरलीची नजर हलली नाही.

"कधीपासून?"

"गेल्या हिवाळ्यात जाळं आल्यासारखं झालं. आता माणसं म्हणजे नुसते ठिपके. आवाजावरून ओळखते. दहाजण आले तर निभतं. या वाटेने सकाळी निघून दुपारी परत जाणारे शहरातले लोक येतात, घोळकेच्या घोळके. हे मागतात, ते मागतात. परवा एकाच्या सुपात दोनदा मीठ घातलं. एकाने विचारलं, म्हातारे, दारू चढलीय का? लांबच्या वाटेने कमी येतात, म्हणून म्हटलं..." तिने डबा बाजूला ठेवला. "चुना आणि चुलीतली राख. चांगलं बुजतं."

"मला का नाही सांगितलंस?"

"तू देवस्थानाच्या मुख्य फादरांना, रेक्टरांना सांगितलं असतंस. त्यांनी मला शहरातल्या वृद्धाश्रमात टाकलं असतं."

"मी सांगितलं नसतं."

"तू कुणावर विश्वास ठेवतेस, की मी तुझ्यावर ठेवावा?"

ती बहिणीशेजारी बसली आणि मग तिने धुक्यातल्या त्या बाईबद्दल सांगितलं. सेकोंदिनाचा चेहरा राखेसारखा झाला.

"मला कुणी बोललं नाही."

"बोलणार कोण? वर कुणी यायलाच नको होतं ना तुला." हे म्हटल्यावर देल्फिनाला स्वतःचाच राग आला. मग कोस्तान्झोला आपण चौकात काय बोललो, तेही तिने सांगितलं.

"तू जाऊन सांग त्याला, की तो नव्हता," सेकोंदिना म्हणाली.

देल्फिना त्याच संध्याकाळी खानावळीत गेली. अंगणात एकही माणूस नव्हता. कोस्तान्झो बाकड्याला रंधा मारत होता.

"तू नव्हतास," ती म्हणाली. "मी चुकले. मी सगळ्यांना सांगेन."

"मग कोण होतं?"

तिने बाकड्यावरचा भुसा हाताने झाडला.

"नाव नाही सांगणार?" त्याने रंधा खाली ठेवला. "मग लोक म्हणतील, देल्फिनाला दया आली. किंवा कोस्तान्झोने तिचं तोंड बंद केलं. तू मला सोडवायला आलीस की आणखी अडकवायला, तेच मला कळत नाही."

त्याचं बरोबर होतं. ती रात्रभर त्यावर विचार करत राहिली आणि सकाळी वर गेली. सेकोंदिनाला सगळं सांगून म्हणाली, "मी आता इथेच राहते. सूप मी करते."

"माझ्यावर नजर ठेवायला?"

"हो."

"ठेव."

पाच ऑगस्टला हिममातेचा, म्हणजे देवस्थानातल्या मरियामातेचा, उत्सव झाला. सगळं खोरं वर चढलं होतं, कोस्तान्झो आणि त्याची बायकोसुद्धा. ती दोघं मागे, दाराशी उभी होती. मिरवणूक संपून रेक्टर आशीर्वाद देणार, तेवढ्यात सेकोंदिना बाकांच्या कडा धरत पुढे आली. देल्फिना हात द्यायला उठली, तर तिने तो झिडकारला.

"वाटेवरच्या खुणा मी बुजवल्या," ती म्हणाली. "मला दिसत नाही, आणि ते कुणाला कळू नये म्हणून बुजवल्या. एका बाईचं मनगट मोडलं ते माझ्यामुळे. कोस्तान्झो, तू कुठे उभा आहेस मला माहीत नाही, पण माफ कर."

एक बाई रडायला लागली आणि नवऱ्याने तिला गप्प केलं. कोस्तान्झो दाराशी होता तिथूनच म्हणाला, "ऐकलं, सेकोंदिना." तेवढंच. देल्फिनाकडे त्याने बघितलंही नाही.

रेक्टर फार मायेने वागले, म्हणून देल्फिनाला त्यांचा जास्तच संशय आला. ते सारखं "बघू, बघू" म्हणत होते. पण बर्फ पडायच्या आधी त्यांनी ठरवलं की सेकोंदिनाने खाली देल्फिनाच्या घरी राहावं, शहरातल्या डॉक्टरांना डोळे दाखवावेत, आणि उन्हाळ्यात वर देल्फिनाने राहावं. एका डोळ्याची शस्त्रक्रिया झाली, थोडंफार दिसू लागलं. जखमी बाईला सेकोंदिनाने दुसऱ्याकडून पत्र लिहवून घेतलं. उत्तर आलं नाही.

पुढच्या वसंतात हिमलोटाने जवळच्या वाटेवर लार्चचं एक जुनं झाड आडवं पाडलं. समितीने माणसं बोलावली, त्यात कोस्तान्झो आला. त्याच्या अंगणात लोक पुन्हा बसू लागले होते, सगळे नाही, पण बरेच. करवतीला दोन टोकं होती. एक त्याने धरलं, दुसरं धरायला कुणी नव्हतं म्हणून देल्फिनाने धरलं.

"ओढू नकोस जास्त," तो म्हणाला. "नुसती सोडत जा."

"सोडते."

दुपारपर्यंत त्यांनी खोड कापून कडेला लोटलं. त्या दिवशी त्यांचं बोलणं झालं ते एवढंच, आणि तेही झाडाबद्दल.