मालूला हलवू नका

मालूच्या दिलीपचा फोन आला तेव्हा मी चहा ठेवला होता. "काकू, आई गेली." एवढंच. चहा उतू गेला, मी तशीच उभी... खरं सांगू, रडूही आलं नाही. या वयात माणसं जातात, त्याचाही थकवा येतो.

मालू माझी शेजारीण आणि मैत्रीण. तिची आजी ब्रह्मदेशची राजकन्या. इंग्रजांनी तिथल्या राजाला गादीवरून उतरवून कबिल्यासकट रत्नागिरीला आणून ठेवलं, त्या कबिल्यातली ही एक पोर. कुठं जायचं तर साहेबाची परवानगी. म्हातारी झाली तरी सामान बांधलेलंच ठेवायची म्हणे. आज ना उद्या परत नेतील... कोणी नेलं नाही. मालूची आई भाड्याच्या खोल्या बदलत संपली. मालू मात्र लग्न होऊन मखमलाबादच्या मळ्यात आली, झेंडू-शेवंती करणाऱ्या घरात, आणि तिथलीच झाली.

लोक राजकन्या बघायला यायचे. "जरा राजेशाही चेहरा करा ना," एक कॅमेरावाला म्हणाला. मालूनं हातातलं खुरपंसुद्धा ठेवलं नाही. "अरे बाबा, मला पंचवटीच्या बाजाराला उशीर होतोय. तुझं काय ते लवकर उरक!" किती हसलो होतो आम्ही दोघी!

पुढं ते हसणं आटलं. मळ्याभोवती इमारती उठल्या, बिल्डर येऊन गेला, आणि दिलीपनं धोशा लावला. फ्लॅट घेऊ, लिफ्ट आहे, तुझे गुडघे... ती एकदाच बोलली, माझ्यादेखत. "आजीला इथं आणून टाकलं, आईला घर मिळालं नाही. मला नका रे हलवू. माझ्यामागंही मळा विकू नका." तो हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही. पुन्हा तिनं विषय काढला नाही. दमली होती बिचारी. मळ्यातच गेली, तेवढं तरी झालं.

दहाव्याला रामकुंडावर पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. काही इच्छा राहिली की असं होतं म्हणतात. ऊन चढलं. दिलीप हात जोडून म्हणाला, "आई, तुझ्या आजीचा राजवाडा बघून येऊ आम्ही." छे! "चौकाला राजकन्येचं नाव देऊ," गल्लीतला कार्यकर्ता म्हणाला. तरी नाही. शेवटी सून पुढं झाली, खाली मान घालून हळूच म्हणाली, "अहो, मळ्याचं बोला ना..."

मी मनात म्हणत होते, बोल रे, खोटं तरी बोल! दिलीपनं घाम पुसला आणि वळला. "गुरुजी, दर्भाचा कावळा करा."

गुरुजींनी चार काड्या वळून कावळा केला, पिंडाला टेकवला. झालं. "सुटली आई," दिलीप म्हणाला आणि गाड्या कुठं लावल्यात ते लोकांना सांगायला लागला.

मला विचाराल तर मालू अजून मळ्यातच आहे. पुढच्या महिन्यात तिथं बुलडोझर येतोय.